दार बाहेर

एकच गोष्ट दोनदा काढणाऱ्या माणसाची लिंकताईला कीव यायची. दार कॉम्प्युटरवर एकदा काढावं, त्याचा ब्लॉक, म्हणजे ठसा, करून ठेवावा आणि मग लागेल तिथे, लागेल तितक्या वेळा उचलून बसवावा. एवढी साधी गोष्ट ज्याच्या डोक्यात शिरत नाही त्याच्याशी वाद घालून काय उपयोग, असं ती म्हणायची, आणि त्यानंतर तासभर वाद घालायची.

आर्किटेक्टच्या त्या ऑफिसात ड्रॉइंगचा सगळा कारभार तिच्याकडे होता. लिंकताई हे टोपणनावही ऑफिसनेच ठेवलेलं. ती यायच्या आधी तिथे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळीच इमारत उभी असायची. कुणाची खिडकी सरकलेली, कुणाचा जिना आखूड. तिने सगळ्यांच्या फायली एकमेकींना जोडल्या. मूळ फाइल एकच. बाकीच्या ड्रॉइंगमध्ये ती नुसती दिसते, खिडकीतून शेजारचं अंगण दिसावं तशी. अंगणात कुणी खुर्ची हलवली की खिडकीतूनही ती हललेली दिसणारच. मूळ फाइलमध्ये भिंत वीतभर सरकवली की विजेच्या, फरशीच्या, फर्निचरच्या ड्रॉइंगमध्ये ती आपोआप सरकते. हे तिने पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा सगळं ऑफिस आ वासून बघत राहिलं होतं. तेव्हापासून तिने जी मान ताठ केली ती काही खाली आणली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला ते शोभायचंही. तिच्या हाताखालून गेलेल्या कागदात चूक सापडत नाही, हे साइटवरची माणसंसुद्धा मान्य करत.

तिला न जुमानणारा माणूस एकच होता, आणि तो तिच्याच घरात राहत होता.

तिचे बाबा याच ऑफिससाठी घरी बसून प्लंबिंगची ड्रॉइंग करायचे. लाकडी बोर्ड, ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन यांत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेलेली, म्हणून ऑफिसातली जुनी माणसं त्यांना शाईकाका म्हणत. बोर्ड गेला, शाई वाळली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने कॉम्प्युटर शिकून घेतला. लेकीला वाटलं, चला, सुटले. पण बाबा कॉम्प्युटरवरही शाईनेच काढत. म्हणजे असं, की लेकीची फाइल आली की पहिलं काम तिच्यातले सगळे दुवे तोडून ती स्वतःची करून टाकायची. दुसरं काम, लेकीने जिवापाड जपलेले ब्लॉक फोडायचे. ब्लॉक फुटला की दार हे दार राहत नाही, दोन रेघा आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारा एक कंस उरतो. मग बाबा त्या रेघा पुसणार आणि तेच दार, त्याच जागी, आपल्या हाताने पुन्हा काढणार. असं प्रत्येक दार. लेक समोर बसलेली असली तरीही.

त्यांचा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला असायचा आणि दुसऱ्या टोकाला आई भाजी निवडत बसलेली.

"बाबा, मी दिलेलं दार काय वाईट होतं?"

"वाईट कुठे म्हणालो मी?"

"मग पुसलंत का?"

"स्वतः काढल्याशिवाय ते कुठल्या बाजूला उघडतं ते मला कळत नाही."

"डोळ्यांनी दिसतंय की."

"बघितलेलं विसरतो गं मी. काढलेलं विसरत नाही."

यावर आई म्हणायची, "तुम्ही दोघं त्या दारावरून भांडा खुशाल, पण टेबलावरून उठा. ताटं मांडायचीत."

सध्या ऑफिसात वृद्ध निवासाचं काम चालू होतं. तीन मजले, एकसारख्या खोल्या आणि प्रत्येक खोलीला एकसारखं बाथरूम. असं काम म्हणजे लिंकताईच्या तोंडात साखरच. तिने बाथरूम एकदाच काढलं, आणि असं काढलं की मॅडमनीही त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही. मॅडम म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाई, हाडाच्या आर्किटेक्ट, सहसा कुणाचं कौतुक न करणाऱ्या. बेसिनची उंची, धरायच्या दांड्या, फरशीचा उतार, सगळं चोख. आणि दार बाहेर उघडणारं.

दाराच्या बाबतीत लिंकताई कुणाचं काही ऐकून घेणार नव्हती. काही वर्षांपूर्वी आई घरच्या बाथरूममध्ये घसरून पडली होती. पडली ती नेमकी दाराला टेकून, आणि दार आत उघडणारं. बाहेरून ते ढकलावं तितकं आईलाच लागत होतं. बाबा पान्हा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर उभे, आणि बिजागऱ्या आतल्या बाजूला. शेवटी शेजाऱ्याने करवत आणून दाराचा खालचा भाग कापला. आई वाचली. कंबर धरून का होईना, चालायला लागली. दार पालटून बाहेर उघडणारं करून घेतलं, आणि मग त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कुणी तोंडातून अक्षर काढलं नाही.

वृद्ध निवासाची फाइल बाबांकडे गेली तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे दुवे तोडले, ब्लॉक फोडले, दारं काढली. शिवाय या वेळी प्रत्येक बाथरूमच्या दाराशी बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले: दार बाहेर.

"अहो बाबा, कंस बाहेर वळलेला दिसतोय ना, मग लिहायचं कशाला? सगळं ड्रॉइंग अक्षरांनी भरलंय. मुंग्या लागल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. मॅडमना मात्र ते हसण्यावारी नेता येईना. इमारतीत काहीही बदललं की चार ड्रॉइंग आपोआप बदलायची आणि पाचवं, शाईकाकांचं, मागे राहायचं. मग त्यांना फोन करा, समजावून सांगा, ते पुन्हा हाताने काढणार, तोवर सगळ्यांनी थांबा. शेवटी मॅडमनी लिंकताईला केबिनमध्ये बोलावलं.

"हे काम पुरं होऊ दे," त्या म्हणाल्या. "पुढच्यापासून प्लंबिंग दुसऱ्या कुणाला देऊ. त्यांचं काम उत्तम आहे, पण आपल्या पद्धतीत ते बसत नाही. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. तू सांग."

"मी बोलते," लिंकताई म्हणाली. आणि तिला ते पटलंही होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. पद्धत तिचीच होती. बाबा तीत बसत नाहीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन बाबांसमोर बसली आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं. बाबा चष्मा कपाळावर चढवून म्हणत होते, "पुढचं काम शाळेचं आहे ना गं? लहान मुलांचे नळ खाली घ्यावे लागतील. मी आतापासूनच विचार करून ठेवतोय." हे काम काढून घेतलं तर या माणसाने सकाळी उठून टेबलाच्या त्या टोकाला बसायचं कशासाठी? तिने चहा तसाच सोडला आणि स्कूटर काढली. संध्याकाळी सांगू, असं तिने ठरवलं. सांगायचं तर होतंच.

ऑफिसात पोचून पर्स ठेवते न ठेवते तोच साइटवरच्या सुपरवायझरचा फोन आला. मागे ड्रिलचा कर्कश आवाज.

"ताई, बाथरूमच्या चौकटी उभ्या करायला घेतोय. पण तुमच्या ड्रॉइंगचं आणि काकांच्या ड्रॉइंगचं काही जमत नाहीये. दाराशी जरा घोळ आहे. काकांनी काय केलंय..."

"काकांचं जुनं असेल," लिंकताईने त्याला मध्येच तोडलं. आज तिला हेच ऐकायचं नव्हतं आणि हेच ऐकायचं होतं. "प्लॅन, वीज, फरशी, फर्निचर, हे चारही एकमेकांशी जुळताहेत ना?"

"ते जुळताहेत. चारही."

"मग चार धरा. एक सोडा."

"बघा हं ताई. तुम्ही म्हणताय म्हणून."

"मी म्हणतेय म्हणूनच," असं म्हणून तिने फोन ठेवला. चाराला एक, यात विचार करण्यासारखं होतंच काय.

उलट तिला जरा बळच आलं. संध्याकाळी बाबांपुढे नुसत्या शब्दांनी निभाव लागला नसता. ते "बरं" म्हणाले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं असतं. आता दाखवायला पुरावा होता. त्यांचं ड्रॉइंग मागे पडलं, साइटवर गोंधळ झाला, आता तरी पटतंय का? तिने बाबांची फाइल उघडली आणि आपल्या प्लॅनवर अलगद ठेवली, कागदावर ट्रेसिंग ठेवतात तशी. बाबांचं लाल, आपलं पांढरं. कुठे कुठे सरकलंय ते मोजून ठेवावं म्हणून ती एकेक खोली बघायला लागली.

काहीही सरकलेलं नव्हतं. भिंतीवर भिंत बसत होती. बेसिन बेसिनवर, जाळी जाळीवर. म्हाताऱ्याने हाताने काढून केसाइतकाही फरक पडू दिला नव्हता. ही फाइल मागे पडलेली नव्हतीच. फरक फक्त दाराच्या कंसात होता. लाल कंस बाहेर वळले होते आणि पांढरे आत. प्रत्येक खोलीत, प्रत्येक मजल्यावर. आणि प्रत्येक लाल कंसाजवळ त्या मुंग्या: दार बाहेर.

लिंकताईने विजेचं ड्रॉइंग उघडलं, दार आत. फरशी, दार आत. फर्निचर, दार आत. आत्ता पाच मिनिटांपूर्वी तिने ज्यांची साक्ष काढली होती ती चार ड्रॉइंग बिनचूक एकच गोष्ट सांगत होती, आणि का सांगणार नाहीत? चौघांनी मिळून एकाच बाथरूमच्या फाइलमध्ये डोकावून बघितलं होतं. ते चार साक्षीदार नव्हतेच. साक्षीदार एकच होता आणि तो चार तोंडांनी बोलत होता. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी काही बघितलं होतं असा माणूस सगळ्या इमारतीत एकटाच, आणि आपण त्यालाच सोडा म्हणालो.

तिने सुपरवायझरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्या ड्रिलच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? तिने हेल्मेट उचललं आणि "कुठे निघालीस" या मॅडमच्या प्रश्नाला "साइटवर" एवढंच उत्तर देऊन जिना उतरली.

साइटवर पहिल्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत सुतार आणि गवंडी एका चौकटीला टेकू देत होते. चौकटीतली दार बसायची खाच आतल्या अंगाला होती. शेजारच्या खोलीतली बसूनही झाली होती, कडेचा सिमेंटचा माल अजून ओला.

"थांबवा," लिंकताई धापा टाकत म्हणाली. "काढा त्या."

सुपरवायझर भला माणूस होता, पण सकाळपासून त्याचंही डोकं तापलेलं. "ताई, तुम्हीच म्हणालात चार धरा."

"मीच म्हणाले. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकून घेतलं नाही. दारं बाहेर उघडायला हवीत. काकांचं ड्रॉइंग धरा."

"आता चौकटी काढायच्या, माल खरवडायचा, परत बसवायचं. आत काय, बाहेर काय, दार ते दार. लोक पन्नास वर्षं आत उघडणारी दारं वापरताहेत."

समजावत बसण्याइतका धीर लिंकताईजवळ नव्हता. ती त्या उघड्याबोडक्या बाथरूममध्ये शिरली आणि सिमेंटने माखलेल्या जमिनीवर, चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी, चौकटीकडे पाठ करून बसली. बाथरूम लहान होतं. पाय समोरच्या भिंतीला टेकले.

"ती प्लायची शीट घ्या," ती म्हणाली. "चौकटीत धरा. हे तुमचं दार. आता मी पडलेय आणि शुद्धीत नाही. या आत."

सुतार सुपरवायझरकडे बघायला लागला. सुपरवायझरने मान हलवली. सुताराने शीट चौकटीत धरून आत ढकलली. ती वीतभर आत आली आणि लिंकताईच्या पाठीला टेकली. त्याने हळूच आणखी जोर दिला आणि लगेच हात मागे घेतला.

"ढकला की," लिंकताई भिंतीकडे बघत म्हणाली. "माझी आई होती आत. बाबा असेच ढकलत होते. जोरात ढकललं तर तिला लागेल, आणि नाही ढकललं तर ती तिथेच."

मग सुपरवायझर पुढे झाला, त्याने शीट बाजूला ठेवली आणि हात देऊन तिला उठवलं.

"काढतो, ताई," तो म्हणाला. "दोनच बसल्यात. जेवणाच्या सुट्टीआधी उलट्या बसतील." आणि सुताराकडे वळून, "काकांचा कागद इकडे दे. तो भिंतीवर लाव."

लिंकताईचा जीव भांड्यात पडला. पण परतीच्या वाटेवर, सिग्नलला थांबलेली असताना, तिच्या डोक्यात दुसरा भुंगा शिरला. दार फिरवलं कुणी? तिने ऑफिसातल्या एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि प्रत्येकाला मनातल्या मनात खडसावूनही घेतलं. फर्निचरवाला तर पक्का धांदरट, हे नक्की त्याचंच काम.

बाथरूमच्या मूळ फाइलमध्ये शेवटचा बदल कुणाच्या नावावर आहे, ते दिसायला वेळ लागला नाही. नाव तिचंच होतं.

आणि मग तिला सगळं स्वच्छ आठवलं. बाबांकडे फाइल गेल्यानंतर झालेली वृद्ध निवासाच्या विश्वस्तांची बैठक, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर तळमजला. कुणीतरी विचारलं होतं, केअरटेकरच्या खोलीत बाथरूमचं दार उघडलं की कपाटावर आपटतंय, त्याचं काय? लिंकताईने तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, प्लॅनमधूनच त्या बाथरूममध्ये शिरून दार आतल्या बाजूला फिरवलं होतं आणि सेव्ह केलं होतं. चुटकीसरशी. एक विश्वस्त म्हणाले होते, वा, काय वेग आहे. ती खूश झाली होती आणि पुढचं पान उघडलं होतं. तिला वाटलं, एका खोलीतलं दार फिरवलं. पण एका खोलीतलं दार असं काही नव्हतंच; बाथरूम एकच होतं, तिनेच तसं केलं होतं. बाकीचं काम तिच्या व्यवस्थेने चोख बजावलं, चूक एकही खोली न वगळता सगळ्यांकडे पोचवली. कुणी नवखा असं वागला असता तर तिने त्याला आठवडाभर तोंड वर काढू दिलं नसतं.

तिला लाज वाटली. चांगली कान गरम होईपर्यंत लाज वाटली. पण लाजेपायी हात आखडून बसण्यातली ती नव्हती. तिने मूळ फाइल उघडली, दार बाहेर फिरवलं, सेव्ह केलं. केअरटेकरच्या खोलीसाठी बाथरूमची वेगळी प्रत करून, वेगळं नाव देऊन, फक्त तिथे आत उघडणारं दार ठेवलं. मग चार ड्रॉइंग एकामागून एक रिलोड केली. सगळ्या इमारतीतली दारं एका दमात बाहेर वळली. इतकं सगळं होऊनही ते बघताना तिला बरंच वाटलं. व्यवस्थेचं चुकलं नव्हतं. तिने जे सांगितलं ते व्यवस्थेने केलं होतं, आधीही आणि आताही. तिला उलट विचारणारं कुणीतरी हवं होतं, एवढंच.

दुपारी मॅडमनी विचारलं, "कपड्यांचं काय झालं? आणि बाबांशी बोललीस का?"

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दार कुणी फिरवलं तेही, नाव न लपवता. मॅडमनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"त्या बैठकीत मीही होते," त्या म्हणाल्या. "मलाही दिसलं नाही."

"कुणालाच दिसणार नव्हतं. आपण सगळे एकाच खिडकीतून बघत होतो. म्हणून सांगते, शाळेचं काम बाबांकडेच राहू दे. आणि त्यांची फाइल जोडायची नाही."

"म्हणजे प्रत्येक बदल त्यांना हाताने कळवायचा? पुन्हा तेच?"

"मी कळवेन. त्यांनी ब्लॉक फोडले तर फोडू द्या. चार जणांचं जुळलं की मी निर्धास्त होते, मॅडम. आता पाचव्याचं जुळलं की होईन."

मॅडम हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. लिंकताईने तोच होकार धरला.

जागेवर येऊन तिने आणखी एक फाइल उघडली. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. कामाचं नाव, तारीख, कुणी काढलं, कुणी तपासलं. ही चौकटही ब्लॉकच, तिनेच एकदा काढून सगळीकडे बसवलेला. "तपासले" या रकान्यात तिचं नाव छापूनच यायचं. कागद कुणी बघो न बघो, तो तपासलेला म्हणूनच जन्माला यायचा. तिने ते नाव पुसलं आणि रकाना रिकामा ठेवला. मग वृद्ध निवासाचे सगळे प्लॅन छापून घेतले आणि गुंडाळी बगलेत मारून घरी निघाली.

बाबा टेबलाच्या त्यांच्या टोकाला होते. आई दुसऱ्या टोकाला, कपड्यांच्या घड्या करत. लिंकताईने गुंडाळी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली.

"बाबा, आज साइटवर घोळ झाला. सगळ्या ड्रॉइंगमध्ये दारं आत वळली होती. तुमच्या सोडून."

बाबांनी चष्मा खाली घेतला. "बसवली?"

"दोन. काढून घेतली."

"चुकलं कोण?"

"मी."

"हे बरं झालं," बाबा म्हणाले. "दुसरं कुणी असतं तर तू त्याचा जीव खाल्ला असतास."

आई हसली. लिंकताईलाही हसू आलं आणि हसताहसताच तिचे डोळे भरले. "मी सुपरवायझरला म्हणाले, काकांचं सोडा. न बघता म्हणाले. आणि आज संध्याकाळी येऊन तुम्हाला सांगणार होते, की पुढचं काम तुम्हाला नाही."

आईचे घडी घालणारे हात थांबले.

"शाळेचं?" बाबांनी विचारलं.

"शाळेचं. आता ते तुमचंच आहे. तुमच्या पद्धतीने. मी मॅडमना सांगून आलेय."

बाबांनी गुंडाळीवरचं रबर काढलं आणि पहिला कागद टेबलावर पसरला. त्यावरून हात फिरवत, लेकीकडे न बघता ते म्हणाले, "त्या दिवशी दाराबाहेर उभा होतो ना, तेव्हा माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. हे दार ज्याने काढलं, त्याने ते एकदाच काढलं असणार. मग सगळ्या बिल्डिंगला चिकटवून दिलं. आपल्या दाराशी तो आलाच नसणार. म्हणून मी प्रत्येक दाराशी जातो. वेळ लागतो, ते मला कळतं."

आई कपड्यांकडे बघत राहिली. त्या दिवसाचा विषय घरात पहिल्यांदाच निघाला होता आणि कुणीही उठून गेलं नाही.

"हा रकाना रिकामा का?" बाबांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तुम्ही तपासा, मग तुमची सही."

"बघितल्याशिवाय करणार नाही हं."

"म्हणून तर आणलेत."

बाबांनी तळमजल्यापासून सुरुवात केली. एकेका दारावर बोट ठेवायचं, थांबायचं, पुढे जायचं. लिंकताईने घाई केली नाही, हे तिच्या आयुष्यातलं एक आश्चर्यच. बोट सरकत सरकत जिन्याशेजारच्या खोलीत आलं आणि तिथेच राहिलं.

"हे आत का?"

"ती केअरटेकरची खोली. तिथे दार कपाटावर आपटतं, म्हणून तेवढ्यापुरतं आत. चूक नाही ती. मुद्दाम वेगळी फाइल केलीय."

बाबांनी मान वर केली. "केअरटेकर पडत नाही?"

विश्वस्तांच्या बैठकीपासून आज दुपारपर्यंत, इतक्या जणांनी त्या दाराकडे बघितलं होतं आणि सगळ्यांना फक्त कपाट दिसलं होतं. सिमेंटमध्ये बसून आल्यावरही लिंकताईला कपाटच दिसलं होतं.

"कपाट हलव की," आई टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाली. "कपाटाला काय, कुठेही उभं राहतं ते."

लिंकताईने पेन्सिल मागितली. बाबांनी दिली. तिने आत वळलेला कंस खोडला, वाकून, जीभ दातांत धरून, हाताने बाहेरचा कंस काढला आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: दार बाहेर. कंस जरा वाकडाच आला. बाबांनी तो निरखून बघितला.

"आता नाही विसरणार," ते म्हणाले, आणि पुढच्या दारावर बोट ठेवलं.